मिरचीच्या मोसमात बंद झालेली बँक

फेब्रुवारी संपत आला की आमच्या बोळातून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढं जात नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचा मिरची कांडपाचा डंक, म्हणजे कुटायचं यंत्र, आहे, सासऱ्यांनी चालू केलेला. फेब्रुवारीअखेरपासून मृग लागेपर्यंत वर्षाची निम्म्याहून जास्त कमाई होते. पावसाळ्यात डंक गप्पच असतो, मसाल्याची आणि दळपाची बारीकसारीक कामं तेवढी. हे आधीच सांगते, कारण आमची बँक बंद पडली ती नेमकी या मोसमाच्या तोंडावर.

बंद पडली म्हणजे शटर कायमचं खाली आलं असं नव्हे. रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले. पण रात्री नऊच्या सुमारास ते पत्र व्हॉट्सॲपवर फिरत आलं तेव्हा हा फरक गल्लीत कुणालाच कळत नव्हता, मलाही नाही. बँकेचं नाव लिहीत नाही. लहान नागरी सहकारी बँक होती, शाखा बोटांवर मोजण्याइतक्या, एवढं पुरे.

मला स्वतःला बँक बंद झाली हे पटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानात. पहिलं गिऱ्हाईक पाच किलो चटणीचं. कुटून झालं, पिशवी बांधली, त्यानं काउंटरवरच्या क्यूआर कोडवर मोबाईल धरला आणि म्हणाला, "वैनी, जाईना की." पुन्हा धरला. "जाईनाच." तो कोड आमच्या त्याच बँकेतल्या चालू खात्याला जोडलेला होता. मी स्टिकर तिथल्या तिथं नखानं खरवडला. अर्धा निघाला, अर्धा अजून काचेवर आहे.

शाखेसमोर साडेनऊलाच गर्दी. जाळीच्या दाराला आतून दोन कागद चिकटवलेले, एक इंग्रजीत, एक मराठीत. मराठीतला वाचून गोंधळ जास्त झाला. कलम ३५ अ, सर्वसमावेशक निर्देश, सहा महिन्यांची मुदत, 'परवाना रद्द केला असा याचा अर्थ घेऊ नये'. नवी ठेव घ्यायची नाही, नवं कर्ज द्यायचं नाही, आणि बचत, चालू किंवा कुठल्याही खात्यातून एक रुपयाही काढता येणार नाही. कर्जाचे हप्ते मात्र भरायचेच. ही शेवटची गोष्ट मॅनेजरनं तोंडानं सांगितली तेव्हा माझ्या मागून एक आजी म्हणाल्या, "म्हंजे घ्यायचं चालू आणि द्यायचं बंद व्हय?" लोक हसले. त्या दिवशी शाखेसमोर कोणी हसलं असेल तर तेवढंच.

मॅनेजर पस्तिशीतला, आमच्याच पेठेतला, मिरवणुकीत ढोल वाजवणारा पोरगा. त्याचा पगारही त्याच बँकेत जमा व्हायचा. लोक त्याच्या अंगावर ओरडत होते आणि तो शिपायाला घेऊन रांगेत पाणी वाटत होता. मीही बोलले त्याला दोन शब्द. बोलायला नको होतं.

घरी आले तर आत्ती देवघरासमोर स्टीलचा डबा उघडून बसलेल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. तो डबा बँकेनंच कधीतरी वार्षिक सभेला सभासदांना वाटलेला, झाकणावर बँकेचं नाव कोरलेलं. घरातल्या सगळ्या ठेवपावत्या, पासबुकं आणि शेअर सर्टिफिकेटं त्यातच. आत्तींनी एकच प्रश्न विचारला, "ह्यांनी ठेवलेलं पन गेलं का गं?"

ह्यांनी म्हणजे मामांनी, माझ्या सासऱ्यांनी. त्यांची आणि या बँकेची गोष्ट सांगितल्याशिवाय आत्तींचा प्रश्न कळायचा नाही.

१९८४ साली मामांना डंक घ्यायचा होता. आधी ते एका मोठ्या बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी तारण विचारलं, कागद विचारले, पावसाळ्यात हप्ता कुठून भरणार असं विचारलं आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत फाईल मिटली. मग ते आमच्या या बँकेत गेले. तिथला मॅनेजर दोन दिवसांनी स्वतः बोळात आला. जागा बघितली, आत्तींच्या हातचा चहा घेतला आणि उभ्या उभ्याच विचारलं: कांडपाला किलोमागं किती घेणार, मिरची गिऱ्हाइकाची की तुमची, लाईट गेली तर काय करणार, पाऊस पडल्यावर काय करणार. हप्ते त्यानं असे बांधून दिले की मार्च ते जून मोठे आणि जुलै ते दिवाळी नावापुरते. जामीनदार दोन, कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार आणि तालमीतले वस्ताद. वस्तादांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. पण ते जामीन राहिले आहेत म्हटल्यावर मामा हप्ता चुकवायचे नाहीत, हे मॅनेजरला माहीत होतं. मामांना तर फारच माहीत होतं.

त्यानंतर आमच्या घरात बँक म्हटलं की तीच. रोज संध्याकाळी पिग्मीवाले काका यायचे, दहा रुपयांपासून पुढं जे असेल ते घेऊन पावती फाडायचे. (ही पिग्मीची युक्ती उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ साली काढली. आता ती बँकही कॅनरा बँकेत गेली, पिग्मी मात्र आमच्याकडं रेशनकार्डाइतकी घरची झाली आहे.) २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात हायवे पाण्याखाली जाऊन कोल्हापूर चारी बाजूंनी तुटलं, एटीएमं रिकामी पडली, तेव्हा आमच्या शाखेनं जनरेटर लावून, सही बघून, थोडी थोडी का होईना पण रोकड दिली होती. त्यामुळं बँकेवर अविश्वास दाखवायचा प्रश्नच नव्हता. दर वर्षी मामा सभेला जायचे. मंगल कार्यालयात खुर्च्या, अहवालाचं पुस्तक, एकेक विषय वाचायचा अवकाश की मागून "मंजूर, मंजूर!" मामाही ओरडायचे. काय मंजूर केलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. लाभांश यायचा, डबा यायचा, एका वर्षी बॅग आली होती.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, उसाचं. तिकडं असल्या नागरी बँकेची सवय नाही, तिकडं जिल्हा बँक आणि गावची विकास सेवा सोसायटी. उसाचं बिल जिल्हा बँकेच्या खात्यावर येतं, सोसायटी त्यातून पीककर्ज कापून घेते, उरलेलं हातात. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज पडत नाही, म्हणून बाबा कर्ज नको असलं तरी उचलतात. नोटाबंदीत १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली तेव्हा आमच्या बाबांनी जो तळतळाट केला होता तो मला आठवतोय. मी तेव्हा ऐटीत म्हटलं होतं, आमच्या बँकेत अजून नोटा घेतायत. यावेळी त्यांनी फोनवर तेच ऐकवलं. ऐकून घेतलं.

तर आता पैशाचा हिशेब. डंकाचं कामकाज 'ह्यांच्या', म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, एकट्याच्या नावावर, आणि वही माझ्याकडं. त्यामुळं मला रुपया रुपया पाठ होता. ह्यांचं चालू खातं २ लाख १० हजार, ही सगळी मिरचीसाठी जमवलेली रक्कम. ह्यांच्या नावाची मुदतठेव व्याजासकट ४ लाख. आत्तींची ठेव ३ लाख ८० हजार. आत्ती आणि हे अशी जोडनावाची एक, दीड लाखाची. माझं बचत खातं ४२ हजार. शिवाय पल्व्हरायझर, म्हणजे दळपाचं यंत्र, घेताना ४ लाखांचं कर्ज काढलं होतं, त्यातले ६० हजार फेडायचे राहिले होते.

पाच लाखांपर्यंत विमा असतो हे मला माहीत होतं, पण कसा, हे अजिबात माहीत नव्हतं. सुरुवातीला मी प्रत्येक पावतीला पाच लाख असं धरून चालले होते आणि निवांत होते. शेजारचे निवृत्त गुरुजी येऊन बसले तेव्हा तो निवांतपणा गेला. गुरुजींना बँकांचं वेड. त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर रेघ मारून दाखवलं. विमा पावतीला नाही, माणसाला. एका माणसाच्या एकाच हक्कानं असलेल्या सगळ्या शाखांतल्या सगळ्या ठेवींची बेरीज, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाख. धंदा एकट्याच्या नावावर असेल तर धंद्याचं चालू खातंही त्या माणसातच मोजायचं. म्हणजे ह्यांचे ६ लाख १० हजार झाले. जोडनावाची ठेव मात्र वेगळी धरतात, आणि नावांचा क्रम उलटा असलेली आणखी एक जोडठेव असती तर तीही वेगळी. "तुमच्या सासऱ्यांना हे ठाऊक होतं का?" गुरुजींनी विचारलं. नव्हतं. ती ठेव मामा गेल्यावर, आत्तींना सही करायला कुणीतरी सोबत हवं म्हणून जोडनावाची झाली होती. एकट्या आत्तींच्या नावावर असती तर त्यांचे ५ लाख ३० हजार झाले असते. त्यांच्या थरथरत्या सहीमुळं वरचे तीस हजार वाचले, असं म्हणायचं.

मग त्यांनी कर्ज वजा केलं. मला वाटलं होतं, पाच लाख मिळणार आणि त्यातून साठ हजार कापणार. तसं नसतं. आधी ठेवीतून बँकेचं येणं वळतं करायचं, मग उरलेल्यावर पाच लाखांची मर्यादा. ६ लाख १० हजारातून ६० हजार गेले, राहिले साडेपाच लाख. त्यातले पाच मिळणार, पन्नास हजार अडकणार. बुडणाऱ्या पैशातूनच कर्ज फिटलं म्हणायचं. एवढ्या सगळ्या भानगडीत ही एकच गोष्ट आमच्या बाजूनं घडली.

"आणि शेअर्स?" मी विचारलं.

"ते कुठलं आलंय? ते ठेव नव्हं वैनी. तुम्ही बँकेचं मालक."

पल्व्हरायझरच्या कर्जाच्या वेळी अडीच टक्के शेअर्सला कापून घेतले होते. तारणी कर्जाला अडीच, बिनतारणीला पाच, असा नियमच आहे. आमचे दहा हजार. मामांचे जुने साडेतीन हजारांचे आत्तींच्या नावावर झालेले. साडेतेरा हजार. कर्ज फिटलं तरी शेअर्स तिथंच. पन्नास हजारांपेक्षा मला हे साडेतेरा हजार जास्त लागले, का ते सांगता येत नाही. आयुष्यभर आम्ही "आमची बँक, आमची बँक" म्हणत होतो, आणि ती खरोखरच आमची असल्याचं कागदोपत्री पहिल्यांदा असं कळलं.

फॉर्म शाखेतच मिळाला. दोनच पानं, पण त्यासोबत संमतीपत्र होतं: मला ठेव विमा महामंडळाकडून विम्याची रक्कम घ्यायची आहे, अशी लेखी तयारी. ते न भरणाऱ्याला पैसे आपोआप मिळत नाहीत, हे मॅनेजरनं दहा वेळा सांगितलं तरी निम्मे लोक "नंतर बघू" म्हणून फॉर्म न घेता गेले. का, तर बँक पुन्हा चालू होईल आणि फॉर्म भरला तर खातं बंद होईल, अशी कुणीतरी पुडी सोडलेली. सोबत आधार, पॅन, आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा रद्द केलेला चेक. इथंच आमच्या बोळातल्या निम्म्या बायका अडकल्या. दुसऱ्या बँकेत खातंच नाही! आयुष्यात एकच खातं, तेही इथलं. मी दोन दिवस दुपारी डंक ह्यांच्यावर सोडून सहा-सात जणींना घेऊन खाती उघडायला गेले. मोठ्या बँकेच्या शाखेतली मुलगी फोनवरच्या ॲपकडं बोट दाखवत होती आणि आमच्यातल्या दोघींकडं बटणाचे फोन होते.

आत्तींचा फॉर्म परत आला. पासबुकावर त्यांच्या नावापुढं 'बाई' होतं, आधारवर नव्हतं. चाळीस वर्षं ज्या शाखेत त्या चालत जात होत्या, जिथला शिपाई त्यांना मावशी म्हणायचा, तिथं आता त्यांना ही आणि ती बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. मॅनेजर ओशाळून म्हणाला, "वैनी, मला म्हाईत हाय ओ. पन यादी मुंबईला जात्या." नोटरीकडं आत्तींनी अंगठा उठवला नाही, सहीच केली, वेळ लावून. नोटरीच्या हातात पेन होतं, त्यानं घड्याळाकडं बघितलं, आत्तींनी नाही बघितलं.

यादी पाठवायला बँकेला पंचेचाळीस दिवस, तपासून पैसे द्यायला महामंडळाला पुढचे पंचेचाळीस. नव्वद दिवस. गुरुजी म्हणायचे, ह्यालाही नशीब म्हणा. मुंबईच्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा विमा एक लाखच होता, आणि तोही बँक अवसायनात निघेपर्यंत, म्हणजे कायमची गुंडाळली जाईपर्यंत, मिळत नसे. २०२० च्या फेब्रुवारीत एकाचे पाच झाले, आणि नव्वद दिवसांचा कायदा २०२१ मध्ये आला. "त्या लोकांनी रस्त्यावर बसून मिळवलंय हे," असं ते म्हणायचे आणि मग स्वतःच्या जुन्या पासबुकांकडं वळायचे. त्यांचं पहिलं पगाराचं खातं सांगली बँकेत, १९१६ सालच्या. ती २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. दुसरं साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्नमध्ये; तिच्यावर २००६ च्या सप्टेंबरात स्थगिती आली, पण महिन्याभरात आयडीबीआयनं ती घेतली. तिसरं रत्नाकरमध्ये, १९४३ सालची, इथलीच, शाहूपुरीची. तिची आता आरबीएल झाली आणि जाहिराती इंग्रजीत असतात. तिन्हीकडं गुरुजींचा रुपया बुडाला नाही, पाटी तेवढी बदलली. "पण त्या खाजगी होत्या. त्यांना गिऱ्हाईक मिळालं. तुमच्या बँकेला कोण घेणार?"

ते नव्वद दिवस आमच्या मोसमाचे होते, हे महामंडळाला माहीत असायचं कारण नाही.

गडहिंग्लजच्या अडत्याला दिलेला १ लाख ३५ हजारांचा चेक परत आला. संकेश्वरी मिरची आम्ही तिथूनच आणतो, ब्याडगी कर्नाटकातून येते ती लक्ष्मीपुरीत घेतो. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि ज्याला घाम फुटायला हवा त्याला मूठभर लवंगी. यातली संकेश्वरी नसेल तर आमची चटणी आमची राहत नाही. चेक परत आल्यावर हे एसटीनं गडहिंग्लजला गेले, फोनवर बोलायची त्यांना लाज वाटली. अडत्यानं आधी चहा पाजला, मग म्हणाला, "निम्मा माल न्या. निम्म्याचं बघू." पूर्ण दिला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्या मागंही शेतकरी उभा होता.

उरलेल्यासाठी आत्तींच्या पाटल्या गेल्या. सोनेतारण एका पतसंस्थेत केलं, अर्ध्या तासात पैसे हातात, वजनकाटा टेबलावरच. गंमत म्हणजे त्या पतसंस्थेच्या स्वतःच्या ठेवी आमच्याच बंद बँकेत अडकल्या होत्या. तिलाही विमा पाच लाखच, ठेव कितीही असो. आणि पतसंस्थेतल्या ठेवींना तर हा विमा मुळातच नाही. काउंटरवरचा माणूस हे सगळं मला सांगत सांगतच पाटल्या तोलत होता. मी म्हटलं, मग मी इथं ठेव ठेवू नये ना? तो म्हणाला, "आता तुमी कर्ज घ्यायला आलाय न्हवं."

सगळ्यात जास्त आग होती ती तालमीत. मंडळाचे ८ लाख २० हजार होते त्या बँकेत, तालमीच्या नव्या इमारतीसाठी वर्गणीतून साठवलेले. ३ लाख २० हजार अडकले. एक तर पैसा वर्गणीचा, म्हणजे घराघराचा, आणि बँकेच्या संचालकांपैकी एक जण मंडळाचाच जुना कार्यकर्ता. त्या वर्षी त्या माणसाच्या घरासमोरून मिरवणूक गेली तेव्हा ढोल थांबवले गेले. कोणी काही बोललं नाही. नुसते थांबवले, घर ओलांडलं, पुन्हा चालू केले.

बँक का बुडाली याबद्दल मला कळलं ते ऐकीव, म्हणून जपून लिहिते. मामांना १९८४ मध्ये कर्ज मिळालं ते ओळखीवर. पुढं दहा-पंधरा मोठी कर्जंही ओळखीवरच गेली, म्हणे. त्यांच्या जामीनदारांत कुणी वस्ताद नव्हता. संचालकाला आणि त्याच्या नातलगाला कर्ज द्यायला मनाई आहे. पण कोल्हापुरात नातं कुठं संपतं आणि पाव्हणा, दोस्त, तालमीतला पोरगा कुठं चालू होतो हे कुठल्या फॉर्मवर लिहिणार? आणि ज्या सभेत हे आकडे अहवालात छापून आले असतील त्या सभेत आमच्या घरचा माणूस मंजूर म्हणून ओरडत होता. मामा गेल्यावर तर आम्ही सभेला जाणंच सोडलं, बॅगा बंद झाल्या तशा. निर्बंध आल्यावर मी डब्यातला शेवटचा अहवाल काढून वाचला. थकीत कर्जाचा आकडा सतराव्या पानावर होता, मला कळेल इतक्या सोप्या तक्त्यात. मी रोज वही लिहिणारी बाई, तेव्हा वाचला असता तर पाच मिनिटं लागली असती.

पैसे आले ते मेच्या शेवटी, एकाच दिवशी चारही मेसेज, दुपारी डंकावर असताना. ह्यांचे पाच लाख, आत्तींचे ३ लाख ८० हजार, जोडनावाचे दीड लाख, माझे ४२ हजार. डंकाच्या आवाजात मी ओरडून सांगितलं, ह्यांना ऐकू गेलं नाही, गिऱ्हाइकांना गेलं. पाच दिवसांनी वळीव पडला आणि मोसम संपला. अडत्याची बाकी त्याच आठवड्यात दिली, पाटल्या जुलैत सोडवल्या. उरलेल्या पन्नास हजारांचं काय, म्हणून अधूनमधून शाखेत जाते. निर्बंधांची मुदत वाढत गेली. पुढं जे वसूल होईल त्यातून आधी महामंडळाचे पैसे परत जाणार, मग आमच्यासारख्यांचा नंबर. मॅनेजर पोरगा आता दुसऱ्या शहरात एका फायनान्स कंपनीत आहे, त्याची आई सांगत होती.

आता पैसे ठेवायचे कुठं, यावर घरात पंधरा दिवस चाललं. आत्तींचे सगळे पोस्टात, त्यावर कुणी वाद घातला नाही. माझे आणि ह्यांचे काही एका राष्ट्रीयीकृत बँकेत. तिथं व्यवस्थित आहे सगळं, फक्त मी गेल्या वर्षभरात तिथं तीन वेगवेगळ्या साहेबांना डंक म्हणजे काय हे समजावून सांगितलं आहे. पुढच्या मोसमासाठी दोन लाखांचं कॅश क्रेडिट मागितलं तर तिसऱ्या साहेबांनी विचारलं, विक्री दर महिन्याला सारखी का दिसत नाही? मी म्हटलं, साहेब, मिरची उन्हाळ्यात वाळते. त्यांनी ते लिहून घेतलं. अर्ज अजून वरच्या ऑफिसात आहे.

डिसेंबरात मी दुसऱ्या एका सहकारी बँकेत गेले. मनाविरुद्ध नाही म्हणता येणार, पण पाय जरा जडच होते. आधी तिचे तीन वर्षांचे अहवाल मागून घेतले, गुरुजींना सोबत बसवून वाचले, थकबाकीचं पान दोनदा. मग अर्ज दिला. चौथ्या दिवशी तिथला अधिकारी बोळात आला. शिंकला. डंक बघितला, मिरची कुठून आणता विचारलं, आत्तींनी चहा ठेवला. बसता बसता म्हणाला, "परतफेड जूनमधी मोठी घालूया, न्हाईतर पावसाळ्यात तुमाला जड जाईल."

मंजुरीच्या दिवशी त्यानं कागद पुढं केले. "दोन लाखाला अडीच टक्के, पाच हजाराचं शेअर्स घ्यावं लागतील वैनी. सभासद होताय."

"ह्या शेअर्सला विमा असतो?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "न्हाई. पन असं इचारत न्हाई कोन."

मी पाच हजार मोजून दिले, पावती घेतली, आणि वार्षिक सभा कधी असते ते विचारून पावतीच्याच मागं लिहून ठेवलं. ती पावतीही त्याच डब्यात आहे. डबा चांगला जाड आहे, टाकवत नाही.